शंकाकाकूंची झोप

कापडगल्लीत कुणी नवीन दुकान टाकलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी एकाएकी गोड बोलायला लागलं, की लोक आधी शंकाकाकूंचं तोंड बघायचे. काकूंची भुवई वर गेली की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. आणि काकूंची भुवई सहसा वरच असायची. त्यांचं खरं नाव गल्ली केव्हाच विसरली होती. एखाद्याने चुकून त्या नावाने हाक मारलीच असती, तर "का? काय काम आहे?" अशी उलटतपासणी झाल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

दूधवाल्याने एखाद्या दिवशी माप जरा सढळ हाताने भरलं, तर दुसरं कुणी खूश झालं असतं. काकू दूध आधी नाकाशी धरायच्या. शेजारीण "आज छान दिसताय हं" म्हणाली, की दिवसभर डोक्यात भुंगा, हिला माझ्याकडून काय हवंय? सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ना, ते काकू सकाळी चूळ भरायच्या आधीच उरकून मोकळ्या होत.

पण हसू नका. या खोडीवरच त्यांचं पोट चालत होतं. काकू पारखीण होत्या, गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या पेढीवर. तिथे येणारं कापड साधंसुधं नसायचंच. दवजाळी यायची. डोंगरउतारावरच्या मोठ्या कोळ्यांची जाळी, अंगावर दव असतानाच गुंडाळून घेतलेली. काकू तिच्यावर कोरडा हात फिरवायच्या आणि हात ओला झाला तरच मान हलवायच्या, कारण कित्येक बहाद्दर साध्या रेशमावर पाणी शिंपडून तेच दवजाळी म्हणून खपवायचे. तळमखमल यायची, तळ्याच्या बुडाशी खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या दाढीची. तिचा धागा दाताखाली धरायचा, चिखलाची चव लागली नाही तर गठ्ठा आल्या पावली परत. पिसोटी यायची एका पांढऱ्या पक्ष्याच्या पिसांची. तो पक्षी म्हातारा झाला की सगळी पिसं आपणहून झाडून टाकतो. पिसं झाडलेली आहेत की उपटलेली, हे काकू देठ बघून सांगत. पिसोटीवाला बिचारा त्यांना जिन्यावर बघूनच घामाघूम व्हायचा.

आणि या सगळ्यांहून वरचढ, मालकांच्या काचेच्या कपाटात, निजपट.

निजपट दिसायला काही खास नाही. राखाडी, चांदीची झाक असलेला, हाताला जरासा कोमट. पण तो अंगावर ओढला, की लहानपणी आईच्या कुशीत लागायची तशी झोप लागते. मोठमोठे सरदार, ज्यांना रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही, ते या कापडासाठी पेढीच्या पायऱ्या झिजवायचे. आता मला सांगा, असं कापड पारखायचं कसं? डोळ्यांना दिसत नाही, दाताला कळत नाही. ते पांघरून झोपूनच बघावं लागतं.

म्हणून रोज दुपारचं जेवण झालं, की काकू पेढीच्या वरच्या खोलीत जायच्या, खिडकी लावून घ्यायच्या, खाटेवर आडव्या व्हायच्या आणि त्या दिवशीचा पट अंगावर घ्यायच्या. उठल्यावर निकाल. "ही झोप कच्ची आहे, मध्येच तुटते." "हिच्यात स्वप्नांची भेसळ आहे, परत पाठवा." गल्लीतले टवाळ म्हणायचे, "काकूंचं बरं आहे बुवा, आपण झोपलो तर मालक हाकलतो, त्या झोपल्या तर पगार देतो!" पण गिऱ्हाईक मात्र कोपऱ्यातला काकूंचा शिक्का बघायचं आणि पुढे काही विचारायचं नाही. जी बाई दुधाच्या मापावर विश्वास ठेवत नाही, तिने पास केलेलं कापड म्हणजे डोळे झाकून घ्यावं.

हे कापड येतं कुठून? तर सुस्तकिड्याच्या कोशापासून. हा किडा म्हणे दूरच्या डोंगरातल्या थंडगार गुहांमध्ये राहतो, वर्षभर नुसता झोपतो आणि झोपेतच कोश विणतो. ते गोळा करणारे लोक अनवाणी जातात, तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. ही हकिकत थोरल्या मालकांनी काकूंना सांगितली होती, काकूंनी ती शेकडो गिऱ्हाइकांना सांगितली होती. सांगून सांगून ती त्यांच्या तोंडात इतकी मुरली होती, की जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या या बाईला त्या गुहेची शंका कधी आली नाही. आपण स्वतःच सांगतो त्या गोष्टीवर कोण कशाला संशय घेईल?

मधे काही महिने काकूंची झोप बिघडली होती. पट अंगावर घेऊन त्या टक्क जाग्या राहायच्या. जिन्यात कोण कुजबुजतंय, खाली कुणाची पावलं वाजली, सगळीकडे कान. थोरले मालक नुकतेच गेले होते आणि धाकटे मालक गादीवर आले होते. त्यांनी काकूंना चार महिने चालवून घेतलं, मग तोंड वाकडं केलं. पण पुढे ते आपोआप बरं झालं. पहिल्यापेक्षा छान झोप लागायला लागली. आपोआप बऱ्या झालेल्या गोष्टीवर खरं तर काकूंनीच आधी भुवई चढवायला हवी होती.

आता त्यांच्या घरधन्याबद्दल सांगायला हवं.

काकूंचा नवरा रंगारी. गल्ली त्यांना रंगारीकाका म्हणायची. हा माणूस म्हणजे काकूंचं अगदी दुसरं टोक. जगात कुणी मुद्दाम खोटं बोलतं, हे त्यांना पटायचंच नाही. आणि झोप! अहो, काय सांगू! डोकं टेकायचा अवकाश. रंगाच्या हौदात काठी ढवळता ढवळता झोपायचे, रांगेत उभे राहून झोपायचे. स्वतःच्या लग्नात पाहुणे जेवत होते आणि नवरदेव खुर्चीत घोरत होते. काकूंना तेव्हाच शंका आली होती की मुलाचा काही आजारबिजार तर लपवला नाही ना. आजार नव्हता. साधा सरळ माणूस होता, डोक्यात काही साठवत नव्हता, म्हणून झोपायचा.

पुढे नजर अधू झाली, रंगकाम सुटलं, काका घरी बसले. आणि मग हळूहळू त्यांचं काहीतरी बिनसलं.

काकूंना पहिल्यांदा जाणवलं ते घोरणं थांबल्याचं. लग्न झाल्यापासून ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तोच आवाज बंद झाला आणि काकू दचकल्या. मग एकेक दिसायला लागलं. काकांच्या डोळ्यांखाली काळं आलं. शर्टाची गुंडी चुकीच्या काजात. पाणी पेल्यात ओतायचं ते पेल्याशेजारी. बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडायचं आणि भिंतीकडे बघून हसायचं. गालफडं बसली. महिन्याभरात माणूस चिपाडासारखा दिसायला लागला.

"काय होतंय तुम्हाला?"

"कुठे काय? वय झालं आता."

"वय माझंही झालं. मी नाही पाणी जमिनीवर ओतत."

"तू हुशार आहेस गं," काका म्हणाले. या उत्तराने काकूंचा संशय दुपटीने वाढला. नवरा अशी स्तुती उगीच करतो होय?

मग काकूंनी त्यांचा शर्ट तपासला. पेढीवर गठ्ठा तपासतात तसा, शिवण न् शिवण. दारूचा वास नाही. अत्तराचा नाही. पण कॉलरच्या मागे, कानाजवळ येतो त्या भागाला, एक चंदेरी लव चिकटलेली. मऊ, बारीक, पेढीवरच्या घट्ट विणीच्या कापडांना कधी सुटत नाही अशी. काकूंनी ती दिव्यावर धरली. केस जळला तर चरचरतो, ही नुसती विझून गेली.

"हे काय आहे?"

"मांजराचे केस असतील."

"कुठल्या मांजराचे?"

"असंच... एक मांजर आहे," काका म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. या माणसाला आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, त्याला ते जमणार कसं?

काकू तशाच समोरच्या घरी गेल्या. तिथे त्यांच्या मोठ्या नणंदबाई राहत, एकट्याच.

"वन्सं, तुमच्याकडे मांजर येतं का?"

"मांजर? नाही बाई. का गं?"

"तुमच्या भावाच्या कॉलरला केस आहेत."

वन्सं तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "वहिनी, तुला माहीत नाही? मला वाटलं तूच कुठे पाठवत असशील. तू पेढीवर गेलीस, दुपार झाली, की तो बाहेर पडतो. रोज. संध्याकाळी तू यायच्या आत परत."

"रोज?"

"रोज. मी एकदा विचारलं, कुठे रे? तर म्हणतो, जरा पाय मोकळे करून येतो. आणि येतो तेव्हा बिचाऱ्याला पाय उचलवत नसतात."

दुपारी! दुपारी काकू पेढीवर गाढ झोपलेल्या असतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. म्हणजे ज्याला कुणाला काकूंच्या पाठीमागे काही करायचंय, त्याला दुपारसारखी वेळ नाही. कोण असेल ती? तळमखमलवाल्याची विधवा बहीण? ती फार हसते. की दवाखान्याजवळची चहावाली? काकूंनी घरी येईपर्यंत चार बायकांना मनातल्या मनात फाडून खाल्लं. आणि घरी येऊन बघतात तर काका पायरीवर बसलेले, एक चप्पल पायात, एक हातात, आणि ती कुठे घालायची तेच त्यांना आठवत नव्हतं. बाई असो नाहीतर दुखणं असो, हा माणूस आपल्या हातातून चाललाय, एवढं त्यांना कळलं. आणि तो गेला तर आपल्याला या जगात विश्वास ठेवायला एकही माणूस उरणार नाही, हेही कळलं.

काकूंनी ठरवलं, झोपायचं नाही. झोपल्याचं सोंग करायचं, जरा वेळाने मागच्या जिन्याने उतरायचं आणि नवऱ्याचा माग काढायचा.

पहिल्या दिवशी सोंग करता करता खरीच झोप लागली. दुसऱ्या दिवशी पाठीखाली किल्ल्यांचा जुडगा घेऊन झोपल्या. उठल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि पाठीवर किल्ल्यांचे वळ होते. काकू स्वतःवरच चिडल्या. एके काळी जिन्यातल्या मुंगीच्या पावलांनी जाग यायची आणि आता काय हे!

त्याच्या पुढच्या दिवशी मान आखडली होती, म्हणून काकूंनी उशी काढून बाजूला ठेवली आणि नुसत्या आडव्या झाल्या. अंगावर निजपट होता, कपाटातला सगळ्यात भारी, कुठल्याशा राजवाड्यात जायचा. काकू वाट बघत पडल्या. पापणी जड होईना. छताला तडा गेलेला दिसला, एक पाल दिसली, खाली हमालांचं भांडण चाललेलं ऐकू आलं. काकू टक्क जाग्या. एवढा भारी निजपट, आणि जांभईसुद्धा नाही?

त्यांनी उशी डोक्याखाली घेतली. लगेच पापण्या मिटायला लागल्या. उशी फेकली, डोळे उघडले. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकू उठून बसल्या, उशी मांडीवर घेतली, दाताने अभ्र्याची शिवण उसवली. आतल्या बाजूने सैल विणीचं अस्तर होतं. चंदेरी, मऊ, कोमट. त्यातली लव काकूंच्या बोटाला चिकटली, आणि ती कुठे बघितली होती हे त्यांना आठवावं लागलं नाही.

काकू मागच्या जिन्याने खाली आल्या. जिन्याखाली इस्त्रीचं टेबल, तिथे एक तरुण बाई दिवसभर तयार पटांना इस्त्री करायची. जांभया देत करायची, म्हणून काकूंनी मालकांकडे तिची दोनदा चहाडीही केली होती. टेबलाशी कुणी नव्हतं. पलीकडे अंगणात कोशघर. तिथे कोश उकळतात, भयंकर घाण सुटते, तिकडे जाऊ नका, असं काकूंना पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि त्या कधी गेल्या नव्हत्या. आज त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि नाकाने खोल श्वास घेतला. कसलीच घाण नव्हती. पांघरुणाचा वास येत होता, उन्हात वाळवलेल्या गादीचा.

काकूंनी दार ढकललं.

आत खाटांची रांग होती. खाटांवर माणसं उताणी पडलेली, डोळे सताड उघडे. एक हमाल. इस्त्रीवाली. कोपऱ्यावरचा म्हातारा चांभार. प्रत्येकाच्या कानामागे अंगठ्याएवढा पांढरा लठ्ठ किडा चिकटलेला, मंद हलत असलेला. माणसाची पापणी मिटायला लागली, की किडा जरा फुगायचा आणि पापणी पुन्हा उघडायची. फुगलेल्या किड्याच्या तोंडातून चंदेरी धागा निघायचा आणि शेजारच्या रिळावर गुंडाळला जायचा. तो किडा सुस्त नव्हताच. त्याला स्वतःची झोपच नव्हती. तो लोकांची ओढून घ्यायचा.

शेवटच्या खाटेवर रंगारीकाका होते.

"अगं, तू? तू झोपली नाहीस?" काका घाबरून उठायला गेले. किडा टपकन गादीवर पडला. "उशी कुठे गेली तुझी?"

काकूंच्या तोंडातून आधी जे निघालं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. "कधीपासून चाललंय हे?"

"ते... तुझी झोप गेली होती बघ तेव्हा. तू म्हणाली होतीस, हे काम गेलं तर मी संपलेच. जेवतानाही रडायचीस. मी मालकांना भेटायला आलो, म्हटलं, हिला काढू नका. ते म्हणाले, कुठलाही पट घातला तरी हिचा कान जागा. परक्याची झोप ही आत शिरूच देत नाही. मग म्हटलं, माझी लावून बघा."

"आणि शिरली?"

"शिरली की!" काकांच्या बसलेल्या गालांवर जरा आनंद दिसला. "माझ्या घोरण्याची सवय आहे ना तुला."

"रोज द्यायची गरज काय होती पण?"

"शिळी झाली की तुझ्यावर चालत नव्हती. आणि माझ्याकडे ढीगभर होती गं. मला काय करायचीय एवढी?"

काकू मटकन खाटेच्या कडेला बसल्या. आयुष्यभर हा माणूस मठ्ठ आहे असं त्या म्हणत आल्या. आता मोठ्याने रडावं की त्याच्या दोन मुस्काटात माराव्यात, त्यांना कळेना. त्यांनी त्याची चुकीच्या काजातली गुंडी सोडली आणि नीट लावली.

तेवढ्यात धाकटे मालक आले. काकूंना बघून ते दारातच थबकले, पण वाकबगार माणूस, लगेच सावरले. "काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात? कुणावर जबरदस्ती नाही हं. ज्याला गरज आहे तो येतो, आठवड्यातून एखादा दिवस, आणि गेलेली झोप पुन्हा उगवतेही. काकांचंच जरा जास्त झालं."

"आणि मला त्या उशीवर निजवून तुम्ही काय केलंत?" काकूंची भुवई वर गेली होती. "मी गेले कित्येक महिने एकही पट नापास केलेला नाही. मला वाटलं, माल सुधारला! मी यांच्याच झोपेत झोपत होते. वर गोणपाट टाकलं असतंत तरी शिक्का मारला असता. कच्चा माल, तुटका माल, सगळा माझ्या नावावर खपवलास ना रे तू?"

मालकांना काकूंनी लहानपणी कडेवर घेतलं होतं, पण ते गादीवर बसल्यापासून कधी 'तू' म्हटलं नव्हतं. मालकांनी नजर रिळाकडे वळवली, आणि काकूंना उत्तर मिळालं.

"यांची परत करा."

"विणलेली परत होत नाही, काकू. स्वतःची झोप स्वतःला पुन्हा बसत नाही. आणि यांची तर मुळासकट आलीय. आता दुसऱ्या कुणाची तरी घालावी लागेल, तर बरे होतील. नाहीतर..."

"माझी घ्या," काकू म्हणाल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या. "आत्ताच्या आत्ता."

मालकांनी एक किडा उचलून त्यांच्या कानामागे ठेवला. काकूंनी डोळे घट्ट मिटले. किडा जरा इकडे सरकला, जरा तिकडे सरकला, मानेवर उतरला, पुन्हा वर गेला, सगळं चाचपून बघितलं आणि गळून खाली पडला. मालकांनी दुसरा लावला. तोही पडला. हमाल आपल्या खाटेवरून बघत होता, चांभार बघत होता. काकूंना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. नवऱ्याला द्यायला साधी झोप, ती सुद्धा या अंगात टिपूसभर नाही! दाराची कडी, शेजारणीचं हसू, दुधाचं माप, यांवर राखण ठेवता ठेवता सगळी संपवून बसलो आपण.

"राहू दे गं," काका म्हणाले. "उठ. पाठ दुखेल तुझी."

मालकांनाही आता घाई झाली होती, काकू बाहेर जाऊन काय बोलतील याची. ते स्वतः वर जाऊन कपाटातला एक पट घेऊन आले. "हा न्या. खरा माल आहे, शपथेवर सांगतो. काकांना पांघरा, चार दिवसांत माणसात येतील."

काकूंनी पट हातात घेतला, बोटांत चुरगळला, नाकाशी धरला. "कोणाची आहे?"

मालकांनी नुसती हनुवटी हलवली, इस्त्रीवालीच्या खाटेकडे. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. तिने ऐकलं की नाही, समजलं नाही. तो पट तिथेच टाकून काकू निघून गेल्या असत्या, तर ही गोष्ट ऐकायला फार छान झाली असती. पण शेजारी काका भिंतीला धरून उभे होते. काकूंनी पट घडी करून काखेत मारला आणि नवऱ्याचा हात धरला.

घरी आल्यावर उजेड असतानाच त्यांनी काकांना निजवलं आणि पट अंगावर ओढला.

"कोणाची गं ही?"

"इस्त्रीवालीची," काकू म्हणाल्या. त्यांना खोटं सांगता आलं असतं, काकांनी मानलंही असतं. पण जीभ वळली नाही.

"तिची नको. तिची पोरगी लहान आहे, तिला आधीच..." काका म्हणाले, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं डोकं कलंडलं. जरा वेळाने ते घोरायला लागले. बेसूर, मोठ्याने, पूर्वीसारखे. समोरून वन्सं धावत आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे टिपायला लागल्या. काकू उशाशी बसून तो आवाज ऐकत राहिल्या. त्या आनंदात होत्या. लपवण्यात काय अर्थ आहे? दुसऱ्या बाईच्या जिवावरचा आनंद होता, आणि तरी पोट भरून आनंद होता.

सकाळी काका अजून झोपलेलेच होते. काकू पेढीवर गेल्या त्या मालकांच्या टेबलावर शिक्का आपटायला. तो त्यांनी आपटला, चार गिऱ्हाइकांदेखत, आणि सांगितलं, "यापुढे कोपऱ्यात माझा शिक्का दिसला, तर तो चोरलेला समजा." मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी काकूंनी ते चवीने बघितलंही असतं.

परत निघताना त्या मागच्या बाजूने गेल्या. इस्त्रीवाली टेबलाशी उभी होती. डोळे लाल, सुजलेले. काकूंना बघून तिने इस्त्री बाजूला उभी केली.

"काका झोपले का हो, काकू?"

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. टोमणा असेल. राग असेल. निदान काहीतरी मागायचं असेल. त्यांनी त्या प्रश्नाची शिवण न् शिवण उसवून बघितली, आणि त्यात काका झोपले का, याखेरीज काही सापडलं नाही.

"झोपले," काकू म्हणाल्या. "तुझ्या झोपेवर झोपले."

"मालकांनी सांगितलं मला. बरं झालं. फार हाल होत होते त्यांचे."

"तू जरा पड इथे. मी करते इस्त्री."

"पडून काय करू, काकू?" ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. "येत नाही ना."

काकूंनी तरी इस्त्री उचलली. ती बाई शेजारच्या स्टुलावर बसली आणि काकू कापडावरून इस्त्री फिरवत होत्या तिकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहिली.